हाळीला ओ

आप्पारावने आयुष्यात पहिल्यांदा तिकीट काढून रानात पाऊल टाकलं आणि टाकल्या टाकल्या त्याला पश्चात्ताप झाला. पाटोद्याकडच्या या डोंगरात तो कळायला लागल्यापासून हिंडत होता. पुढे इथं अभयारण्य झालं, हद्दीवर चर खणला गेला, आणि मेंढरं चराच्या बाहेर चारायची असं ठरलं. तेही त्याने मुकाट पाळलं. पण आज तो धुतलेलं धोतर नेसून, काठीशिवाय, रिकामे हात हलवत पाव्हण्यासारखा आत चालला होता, आणि त्या रिकाम्या हातांचं काय करावं हे त्याला काही केल्या सुचत नव्हतं. एकदा त्याने ते पाठीमागे बांधले, मग छातीशी घेतले, मग धोतराच्या सोग्याशी चाळा सुरू केला. शेवटी बाजूच्या बोरीची एक डहाळी त्याच्या बोटांत कधी आली ते त्यालाही कळलं नाही.

"आबा," पुढून योगिताचा आवाज आला, हळू पण धारदार.

त्याने डहाळी सोडून दिली.

योगिता म्हणजे त्याची धाकटी लेक. काठी तिनेच पहाटे काढून घेतली होती आणि चुलीपुढे बसवून बापाला कायदे ऐकवले होते. "काठी न्हाई. दगड उचलायचा न्हाई. पाला तोडायचा न्हाई. आन् आबा, तोंड उघडायचं न्हाई. तुमी वरडलात तर मी गेलेच म्हनून समजा."

"मंग मला नेतीस कावून?" आप्पाराव म्हणाला होता. "मी आपला मेंढरामागं बरा हाय."

"मी कुटं नेती? आई पाठवती."

ते खरंच होतं. लेक परक्या माणसांना घेऊन डोंगरात जाणार हे त्याच्या बायकोला, सत्यभामाला, पटलं नव्हतं. बाप सोबत गेलाच पाहिजे, मेंढरं मी वळते, असं तिने सांगून टाकलं, आणि सत्यभामाने सांगून टाकल्यावर त्या घरात पुढे चर्चा होत नसे. त्या दिवशी तिने कळप वस्तीच्या मागच्या माळाला नेला होता, अभयारण्यापासून दूर, म्हणजे निदान ती काळजी तरी नको.

गोष्ट अशी होती की अभयारण्यात एक वाटाड्या नेमायचा होता. गावातलंच कुणीतरी, पाहुण्यांना हिंडवून मोर, काळवीट दाखवील, माहिती सांगील असं. शिबिर झालं, त्यातून दोघं उरली. एक सरपंचाचा पुतण्या युवराज आणि दुसरी योगिता. दोघांनी एकेक फेरी करून दाखवायची आणि वनपाल भागवत साहेब ठरवणार. युवराजची फेरी कालच झाली होती. त्याने मोर दाखवले होते, पण मोर काय, ते तर शाळेच्या पत्र्यावरही येतात. आज योगिताची फेरी होती.

आणि ही जागा मिळाली नाही तर योगिता पुण्याला जाणार होती. थोरली करिष्मा तिकडेच होती, एका कंपनीत खोकी भरायला, आणि तिने धाकटीसाठीही शब्द टाकून ठेवला होता. करिष्मा जाताना म्हणाली होती, दर महिन्याला येते. आता ती दिवाळीला येई, दोन दिवस राही, त्यातला एक दिवस झोपून काढी. आप्पारावला लेकींनी पुण्याला जाऊ नये असं वाटायचं ते काही मोठ्या विचारातून नव्हे. त्याला घर रिकामं सोसत नव्हतं, बस्स. योगिता इथंच राहावी म्हणून तो आज देवाला नारळ बोलला होता, दाढी केली होती, आणि जन्मात न केलेली गोष्ट करायला निघाला होता, ती म्हणजे गप्प बसणं.

कारण आप्पारावचा आवाज हा पंचक्रोशीत नावाजलेला होता. या डोंगरावरून त्या डोंगरावर तो चहाला बोलवायचा.

पाहुणे होते माजलगावचे. सुंदरराव नावाचे बडे ऊसवाले, पांढऱ्या कपड्यातले, आजूबाजूच्या राजकारणात वजन असलेले, आणि त्यांची सून वैष्णवी, जिच्या गळ्यात हा एवढा लांब नळीचा कॅमेरा. सुंदररावांना रानात आणलं होतं सुनेनं, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. त्यांचा फोन तिसऱ्यांदा वाजला तेव्हा योगिताने हात जोडून, हसून म्हटलं, "काका, इथं आपण पाव्हणे. घरच्यांना झोपू द्यावं." सुंदररावांनी चक्क फोन बंद केला. मागून चालणाऱ्या भागवत साहेबांनी मान हलवली. ती हललेली मान आप्पारावने पाहिली आणि त्याला वाटलं, झालं, जमलं.

पण त्याच्या जिवाला चैन नव्हतं. वाटेत विष्ठा दिसली, योगिता खाली बसून सांगायला लागली की यात केस आहेत म्हणजे हा कोल्हा असावा, आणि आप्पारावच्या तोंडात आलं की कोल्हा कुठला, अगं... आणि त्याने दात गच्च मिटले. खरं तर तो कोल्हाच होता, हे त्याला दहा पावलं पुढं गेल्यावर पटलं. तोंड उघडलं असतं तर लेकीचं तर गेलंच असतं, वर हसंही झालं असतं. मग वाटेवर एक होला उडाला आणि त्याचा हात सवयीने दगड शोधायला खाली गेला. मग खोकला आला, तो त्याने तोंडात पागोट्याचा लोंबता शेव कोंबून मारला. वैष्णवीने वळून विचारलं, "बाबा, बरं वाटत नाही का तुम्हाला?" त्याने मानेनेच नाही म्हटलं, मग हो म्हटलं, आणि ती गोंधळून पुढे गेली.

पाणवठ्याजवळ लोखंडी मनोरा आहे. त्यावर चढून सगळे उभे राहिले. दिवाळी होऊन गेलेली, ऊन कोवळं, गवत पिवळं पडायला लागलेलं. खाली पाण्यावर मोर आले, लांडोरी आल्या, आणि वैष्णवीचा कॅमेरा चुटचुट करायला लागला. योगिता कानाशी लागून एकेक सांगत होती. तिचा आवाज आप्पारावला ओळखू येईना, इतका तो शहाणा झाला होता. त्याला अभिमान वाटला आणि थोडी भीतीही वाटली.

मनोऱ्यावरून हद्दीचा चर दिसतो आणि चरापलीकडचा उतार. त्या उतारावर मेंढरं होती. एवढ्या लांबून दुसऱ्या कुणाला ते पांढरे-काळे ठिपके वाटले असते, पण आप्पारावने घंटेच्या आवाजावरून ओळखलं. छबुबाईचा कळप. कळप म्हणजे काय, म्हातारीपुरती मेंढरं. नवरा वारला, लेक बीडला रिक्षा चालवतो, आणि म्हातारी आपली एकटी कडबा-पाणी करत जगते. तिचा कुत्रा उन्हाळ्यात साप चावून मेला तो मेलाच, दुसरा तिने अजून पाळला नव्हता.

छबुबाई आणि आप्पाराव बोलत नव्हते. तीन पावसाळे झाले. हौदावर कुणाच्या मेंढरांनी आधी प्यायचं यावरून सुरू झालं आणि मेलेल्या माणसांपर्यंत गेलं. तेव्हापासून ती समोरून आली की हा आभाळाकडे पाही आणि हा आला की ती जमिनीवर थुंके. पण एक गोष्ट या भांडणातही चालूच राहिली होती, ती म्हणजे ओ.

मेंढपाळाला लांडगा दिसला की तो हाळी देतो. आणि ती हाळी जिथं ऐकू जाईल तिथला प्रत्येक मेंढपाळ, जेवत असला तरी, निजला असला तरी, उठून ओ देतो. एका माणसाच्या आवाजाला लांडगा भीत नाही. त्याला कळतं, माणूस एकटं आहे. पण चहूकडून ओ यायला लागली की तो मागे फिरतो. यात भाऊबंदकी बघायची नाही, कोर्टकचेरी बघायची नाही. वैऱ्याच्या हाळीलाही ओ द्यायची. ज्याने हाळी ऐकून ओ दिली नाही त्याच्या वाड्यावर पुढे कुणी पाणी पीत नाही. आदल्या साली श्रावणात आप्पारावच्या हाळीला पहिली ओ आली होती ती छबुबाईची. दुसऱ्या दिवशी हौदावर ती पुन्हा थुंकली होती, ती गोष्ट वेगळी.

तर आप्पाराव त्या कळपाकडे पाहत होता, आणि म्हणून लांडगा सगळ्यांत आधी त्यालाच दिसला.

पाणवठ्याच्या अंगानं, हिवराच्या झुडपांतून तो निघाला. कसलीच घाई नाही. एकदा थांबला, पाय झटकला, आणि चराकडे चालायला लागला.

आप्पारावच्या पोटातून आवाज निघाला आणि गळ्यापर्यंत आला. त्याने दोन्ही हातांनी मनोऱ्याचा गज धरला.

तेवढ्यात योगितानेही पाहिलं. तिचा चेहरा असा उजळला की आप्पारावने तो तसा कधी पाहिला नव्हता. "ताई," ती वैष्णवीच्या कानाशी म्हणाली, "हलू नका. डावीकडं, हिवराच्या खाली. लांडगा." वैष्णवीने श्वास रोखला. सुंदररावही पुढे झाले. भागवत साहेबांनी तर दुर्बीण डोळ्याला लावून हळूच म्हटलं, "शाबास पोरी. मला स्वतःला दिसून वर्ष झालं."

त्या "शाबास"मध्ये सगळं आलं होतं. युवराजचे मोर गेले उडत. लेक इथंच राहणार होती. रोज सकाळी भाकरी बांधून घेऊन या मनोऱ्यावर येणार होती, संध्याकाळी घरी येऊन आईशी भांडणार होती. आप्पारावला हे सगळं एका क्षणात दिसलं आणि त्याच क्षणी लांडग्याने चर ओलांडला.

मग हाळी आली.

छबुबाईने पाहिलं होतं. लांबून तिचा आवाज आला, म्हातारा, चिरका, पण हाळी ती हाळीच. लांडगा थांबला. त्याने कान उभे केले. आता तो ऐकतो आहे हे आप्पारावला माहीत होतं. ओ येते का, किती बाजूंनी येते, हे तो ऐकतो आहे.

कुठूनच ओ आली नाही. बाकीचे कळप आष्टीकडे उतरले होते. त्या सगळ्या डोंगरात हाळी ऐकणारा मेंढपाळ एकच होता आणि तो लोखंडी गज धरून उभा होता.

"मामंजी, बघा, बघा कसा थांबलाय," वैष्णवी कुजबुजली.

आप्पारावच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. कोकरू आपलं असतं तर, त्याला वाटलं, आपलं असतं तर एक काय, दोन दिली असती. लेकीवरून ओवाळून टाकली असती आणि घरी जाऊन सत्यभामाच्या शिव्या खाल्ल्या असत्या. पण दुसऱ्याचं कोकरू आपल्या लेकीच्या नोकरीसाठी देणारा मी कोण? आणि त्यातून छबुबाईचं. तिची जित्राबं ती किती, त्यातलं एक गेलं तर तिला कोण देणार आहे? मग दुसरं मन म्हणालं, तू वरडलास तर ही पोरगी जन्मभर म्हणेल, बापानं माझं वाटोळं केलं. आणि पुण्यात बसून म्हणेल. तुझ्या कानावरसुद्धा यायचं नाही.

त्याने पागोट्याचा शेव पुन्हा तोंडात घातला आणि दातांखाली दाबला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्याला स्वतःची इतकी लाज आजवर कधीच वाटली नव्हती.

दुसरी हाळी आली. या वेळी ती मोडली मधेच. लांडगा पुन्हा चालायला लागला, आता पोट खाली घेऊन.

आणि आप्पारावच्या शेजारून ओ उठली.

"ओऽऽऽ! हुर्रर्रऽऽऽ ओऽऽऽ!"

त्याला आधी वाटलं, आपणच वरडलो. पण शेव अजून तोंडातच होता. योगिता गजावर छातीपर्यंत ओणवी झाली होती, दोन्ही तळवे तोंडाशी, गळ्याची शीर टरारलेली. सकाळपासूनचा तो शहाणा आवाज कुठल्या कुठे गेला होता. हा आवाज आप्पारावचा होता, त्याच्या बापाचा होता. खाली पाणवठ्यावरचे सगळे मोर एकदम फडफडून उडाले. वैष्णवीचा कॅमेरा गळ्यात आपटला.

मग आप्पारावने शेव थुंकला आणि त्यानेही ओ दिली. आता राखायचं काय उरलं होतं?

दोन ओ ऐकून लांडगा वळला. चराच्या कडेकडेने तो असा नाहीसा झाला की जणू नव्हताच. उतारावर मेंढरं एका जागी गोळा झाली होती आणि म्हातारी काठी उगारून त्यांच्याभोवती फिरत होती.

मग सुंदरराव म्हणाले, "अगं पोरी, जरा कळ काढायची! शिकार बघायला मिळाली असती की आमाला."

वैष्णवी मात्र सासऱ्याकडे अशी बघायला लागली की त्यांनी खिशातून बंद फोन काढून उगाच पाहिला.

भागवत साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने योगिताला जिन्याजवळ बाजूला घेतलं, पण मनोरा तो केवढा, सगळ्यांना ऐकू गेलं. "सकाळी फाटकात तूच सांगितलंस ना, इथं ओरडायचं नाही, जनावराला हुसकायचं नाही म्हणून? मला कळतंय तू का ओरडलीस. माझं आजोळही धनगरवाड्याच्या शेजारीच होतं. पण वाटाड्याच लांडगा हाकायला लागला तर मी पाहुण्यांना काय सांगू? मला युवराजलाच ठेवावं लागेल."

"व्हय सर," योगिता म्हणाली. तिने फेरी मात्र पुरी केली. उतरताना सीताफळीच्या बनात सुंदररावांचा पाय घसरला, तिने त्यांना हात दिला. फाटकापर्यंत दोन पक्षीही दाखवले. आप्पाराव मागून चालला होता आणि त्याला तिच्या पाठीकडे बघवत नव्हतं.

पाहुण्यांची गाडी धूळ उडवत गेली. बाप-लेक हद्दीच्या कडेने घराकडे निघाले, तर चरापलीकडे छबुबाई उभी होती. काठीवर दोन्ही हात, आणि त्या हातांवर हनुवटी. तीन पावसाळ्यांनंतर पहिल्यांदाच ती आप्पारावकडे सरळ बघत होती.

"आदुगर कोनाची ओ व्हती?" तिने विचारलं. "बाईमान्साची वाटली."

"माझी, आजी," योगिता म्हणाली.

"जितं ऱ्हा माय." म्हातारीने तिच्यावरून हवेतच बोटं मोडली. मग तिची नजर पुन्हा आप्पारावकडे वळली. "आन् तुजी कावून उशिरा आली रं आप्पा? तू तर वरच व्हतास. तुजं पागोटं दिसलं मला. म्या म्हनलं, आप्पा हाय, आता काई काळजी न्हाई."

भांडणात आप्पारावला या बाईने नाही नाही ते ऐकवलं होतं, पण त्यातलं एकही या बोलण्याइतकं वर्मी लागलं नव्हतं.

"मीच बोलू नका म्हनलं व्हतं त्यान्ला," योगिता मध्येच म्हणाली. "माझी परीक्षा व्हती."

"आसं व्हय," छबुबाई म्हणाली. तिने मान हलवली, काय समजली कोण जाणे, आणि कळपाकडे वळली.

दोघं बरंच अंतर चालून गेली. मग आप्पाराव एकाएकी वाटेत थांबला आणि भडकला. सकाळपासून कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "तू कावून वरडलीस? आं? मी बसलो व्हतो ना गिळून! मी, आप्पा, हाळी आयकून गप बसलो, कुनासाटी? तुज्यासाटी! तोंडाला काळं फासून घेतलं, आन् तू समदं मातीत घातलंस! वरडायचंच व्हतं तर मी वरडलो असतो. माझ्या नावावर गेलं असतं. म्हातारं हाय, अडाणी हाय, म्हनून सोडलं असतं साहेबानं. एक कोकरू गेलं असतं तर गेलं असतं!"

योगिता त्याच्याकडे बघत उभी होती. ती रडत नव्हती. दमलेली दिसत होती.

"आबा, मी कोकराकडं बघतच नव्हते," ती म्हणाली. "खरं सांगते. माझ्याच्यानं गप बसवलं असतं. पैल्या हाळीला बसलेच की गप. साहेब शाबास म्हनले व्हते."

"मंग?"

"मंग मी तुमच्याकडं बघितलं. तुमी ते पागोटं तोंडात कोंबून उबे व्हता. तसं तोंड घेऊन तुमी घरी आला असता. आन् मी रोज त्या मनोऱ्यावर जाऊन लोकान्ला मोर दाखवले असते व्हय?"

आप्पारावला तिच्यापुढे उभं राहवेना. तो वळला आणि चालायला लागला, भरभर, हात कुठं ठेवायचे याचं आता भान नसलेला. वस्तीची पहिली छपरं दिसायला लागली तेव्हा तो मागे न बघताच मोठ्याने म्हणाला, डोंगराला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"करिष्माला फोन लाव. म्हनावं, येती तुजी भैन. आन् दोगी एकाच खोलीत ऱ्हावा."